अंबुजाक्कांचा मंगळवार आणि शुक्रवार

अंबुजाक्कांच्या शेजारी जेवायला बसायचं आमच्या संस्थेतले लोक टाळत. अक्कांचा स्वभाव वाईट होता म्हणून नव्हे, स्वभाव उत्तम होता. पण आपण पहिला घास उचलायच्या आत अक्का मायेनं आपल्याकडे बघत आणि विचारत, "सकाळी पोट नीट साफ झालं काय?" हा प्रश्न त्यांनी शिपायाला विचारला होता, संचालकांना विचारला होता, आणि एकदा संस्था बघायला आलेल्या एका जर्मन प्राध्यापकांनाही अस्खलित इंग्रजीत विचारला होता. प्राध्यापक आधी दचकले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते ताटातलं सांबार गार झालं तरी संपेना. आपल्या बायकोनंही कधी इतकी चौकशी केली नाही, असं ते जाताना म्हणाले.

डॉक्टर अंबुजा शिंदे हे त्यांचं दारावरच्या पाटीवरचं नाव. मोठ्या आतड्याचा कॅन्सर हा त्यांचा विषय. आतड्याच्या आतल्या बाजूला आधी एक लहानशी गाठ उगवते, तिला पॉलिप म्हणतात, आणि त्यातल्या काही गाठी वर्षानुवर्षं गप्प राहून मग एक दिवस कॅन्सर होतात. या प्रवासात पेशींमधली कुठली जनुकं जागी होतात आणि कुठली झोपी जातात, हे अक्का शोधत होत्या. मी पुण्याहून त्यांच्याकडे आलो तो आकडेमोड करायला. अक्कांची माणसं आतड्याच्या तुकड्यांतून माहिती काढायची आणि मी संगणकावर तिचे अर्थ लावायचे, अशी वाटणी होती.

पहिल्याच दिवशी मी मोठ्या आपुलकीनं विचारलं, की तुम्ही मराठी, मग इकडे बंगळूरला कधी आलात. अक्का म्हणाल्या, त्यांची माणसं घोड्यावरून आली, सोळाशे अडतीस सालात. मग त्यांनी मला विचारलं, तू कशानं आलास? मी म्हटलं, विमानानं. "मग नवीनच म्हणायचं," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी अर्धी कॉफी मागवली. अर्धी अशासाठी, की उरलेली अर्धी त्या स्वतः पिणार होत्या. बंगळूरला एका कॉफीत दोघांनी भागवणं यात कुणाला कमीपणा वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड असे आणि माझ्या मराठीत दर तिसरा इंग्रजी. तरी मी पुण्याचा असल्यामुळे शुद्ध कोण बोलतो याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. अक्कांच्याही मनात नव्हती. घरी फोन करून त्या म्हणायच्या, आमच्याकडे एक पुण्याचा मुलगा आलाय, स्वल्प शिकवलं की येईल त्याला मराठी.

अक्का चुकत नाहीत, असा आमच्या प्रयोगशाळेचा एक ठाम समज होता. त्याला पुरावेही होते. राजाजीनगरच्या घरून येलहंकाला संस्थेत येणाऱ्या बसमध्ये बसल्या बसल्या त्या सांगायच्या की आज फ्रीझर बंद पडणार, काल त्याचा आवाज बरा नव्हता. पोचून बघावं तर फ्रीझर खरंच धापा टाकत असे. नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या एका हुशार मुलाकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, हा पावसाळ्यापर्यंत अमेरिकेला जाणार. तो त्याच्याही आधी गेला. त्यामुळे अक्का काही बोलल्या की आम्ही वाद घालत नसू. वाद घालण्यात वेळ जातो आणि शेवटी त्यांचंच खरं होतं, एवढा साधा हिशेब होता.

एकच माणूस त्यांचं ऐकत नसे. ते म्हणजे त्यांचे थोरले भाऊ तुकोजीराव. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चिकपेटला त्यांचं साड्यांचं दुकान होतं, आणि शनिवारी दुपारी मेट्रोनं चिकपेट गाठून त्या दुकानात जाणं हा अक्कांचा नेम होता. मला आईसाठी साडी घ्यायची होती म्हणून एकदा मी बरोबर गेलो.

दुकान म्हणजे एक लांबलचक बोळ, त्यात पांढरी गादी, आणि गादीवर अण्णा. गोरेपान, गुबगुबीत, कपाळावर कुंकवाची बारीक उभी रेघ. समोर एक आई आणि तिची लग्नाळू मुलगी बसली होती. अक्का चप्पल काढून गादीवर चढल्या, त्या मुलीला म्हणाल्या हिरवी घे, पिवळी तुला शोभत नाही, आणि मग त्याच सुरात भावाकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, कधी करून घेतोस?"

करून काय घ्यायचं होतं ते आतड्याची तपासणी. आत दुर्बीण घालून करतात ती. अक्कांनी स्वतःची कधीच करून घेतली होती, ती स्वच्छ निघाली होती, आणि हे त्या कुणालाही सांगत. पण अण्णा ढिम्म. त्यांच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, हाच आजार झाला होता. घरातल्या सगळ्यांनी मूळव्याध ठरवून त्यांना लेह्य चाटवलं आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. अशा घरातल्या माणसांनी वेळेवर तपासून घ्यायला हवं, हे सांगण्यात अक्कांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. व्याख्यानं ऐकून गावोगावचे लोक तपासण्या करून आले. घरचा माणूस गादीवर बसून होता.

"आषाढाचा सेल जाऊ दे," अण्णा म्हणाले. आषाढ गेला की वरमहालक्ष्मी, मग गौरी-गणपती, मग दसरा, दिवाळी, आणि त्यानंतर लग्नं. साडीच्या धंद्यात सीझन नाही असा महिनाच नसतो, हे मला त्या दिवशी समजलं. अक्कांनी मग समोरच्या गिऱ्हाइकांना साक्षीला घेतलं. त्या आई-मुलीला त्यांनी जनुकं समजावून सांगितली, आणि मी इतक्या वर्षांत इतकं सोपं कधी ऐकलं नव्हतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "गोदामात माल सगळा तोच असतो की नाही? पण गादीवर काय काढून ठेवलंय ते बघून कळतं, आता कुठला सीझन चालू आहे. पेशीचं तसंच. माल सगळ्या पेशीत सारखा. कुठला बाहेर काढलाय ते आम्ही बघतो. गाठ व्हायला लागली की नको तो माल बाहेर यायला लागतो. पुष्कळ वर्षं आधीपासून. तेव्हाच बघितलं तर काढून टाकता येतं."

त्या आईनं घाबरून हिरवी साडी घेतली आणि अक्कांकडून दवाखान्याचं नावही घेतलं. अण्णांनी शांतपणे घड्या घातल्या. बाहेर पडल्यावर चिकपेटच्या त्या गर्दीत अक्का एकदम थांबल्या. हमाल ओरडत होते, माझ्या पाठीला कुणाचं तरी गाठोडं लागत होतं. अक्का म्हणाल्या, "मला कॅन्सर कळतो रे. हा माणूस कळत नाही." तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की ही बाई मनातून पार घाबरलेली आहे.

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं.

अक्कांच्या आईच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पळीला ताकाचा संपर्क होऊ द्यायचा नाही आणि लोणच्याच्या बरणीजवळ ओला हात न्यायचा नाही, असे कायदे होते. अक्कांनी तेच कायदे प्रयोगशाळेत आणले. आमच्याकडे दोन प्रकारचे तुकडे यायचे, कॅन्सरच्या गाठींचे आणि निरोगी आतड्याचे. ते एकमेकांत मिसळले तर अनर्थ. म्हणून गाठींचं काम मंगळवारी आणि निरोगी तुकड्यांचं शुक्रवारी, असा अक्कांचा दंडक होता. मंगळवारच्या रसायनांच्या बाटल्या वेगळ्या, शुक्रवारच्या वेगळ्या. हातमोज्यांची खोकी वेगळी. एप्रनसुद्धा मंगळवारी निळे आणि शुक्रवारी पांढरे. एका मुलीनं चुकून शुक्रवारी निळा एप्रन घातला तर अक्कांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. बाहेरून येणारे पाहुणे ही शिस्त बघून माना डोलवायचे. आम्हालाही तिचा अभिमान होता.

पुष्कळ महिन्यांच्या कामानंतर मी सगळी माहिती संगणकात घातली आणि चित्र काढलं. त्यात एकेका माणसाचा एकेक ठिपका. गाठींचे ठिपके सगळे उजवीकडे, निरोगी सगळे डावीकडे, आणि मध्ये मोकळं मैदान. कोणकोणत्या जनुकांमुळे हे दोन गट पडतात त्यांची यादीही हातात. म्हणजे ही जनुकं बघितली की कॅन्सर ओळखता येणार. असं चित्र दिसलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला आधी संशय यायला हवा. आम्हाला आधी म्हैसूरपाक आठवला. संचालकांनी स्वतः मागवला. लेख लिहून झाला, एका चांगल्या मासिकानं तो स्वीकारला, आणि अक्कांचं संस्थेत मोठं व्याख्यान ठरलं.

अक्का त्या दिवसांत गुणगुणत फिरायच्या. अण्णांना त्यांनी फोनवर सांगितलं, की आता बघच, आता तुझं काही चालणार नाही. अण्णा म्हणाले, वरमहालक्ष्मी होऊ दे.

आणि वरमहालक्ष्मीच आडवी आली. हा सण शुक्रवारी येतो. त्या शुक्रवारी प्रयोगशाळेतल्या सगळ्या बायका पूजेच्या सुट्टीवर, अक्कासुद्धा. म्हणून त्या आठवड्याचे निरोगी तुकडे नाइलाजानं मंगळवारीच उरकले होते, मंगळवारच्या बाटल्यांत, निळ्या एप्रनांत. सहज म्हणून मी ते नवे ठिपके चित्रात टाकले. ते सगळेच्या सगळे उजवीकडे जाऊन बसले, कॅन्सरच्या घोळक्यात.

मी अक्कांना बोलावलं. त्या चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या. आमच्यातल्या कुणीतरी म्हटलं, या माणसांना लवकर कळवायला हवं, बिचारे स्वतःला निरोगी समजतायत. अक्कांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "वरमहालक्ष्मीच्याच आठवड्यात सगळे एकदम आजारी पडले काय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी स्वतःच निकाल दिला. "आपल्याला कॅन्सर नाही सापडला रे. आपल्याला वार सापडला."

तसंच होतं ते. मंगळवारच्या बाटल्या एका खेपेच्या, शुक्रवारच्या दुसऱ्या खेपेच्या. मंगळवारी सकाळी दमानं काम, शुक्रवारी घरी जायची घाई. या असल्या फरकांनीच आकडे दोन्हीकडे ढकलले होते, आणि गाठ आणि निरोगी यांच्यातला खरा फरक त्याखाली गाडला गेला होता. दोन्ही प्रकारचे तुकडे एकाच दिवशी, एकाच बाटलीतून केले असते तर हे झालं नसतं. म्हणजे अक्कांनी जी शिस्त डोळ्यांत तेल घालून पाळली, तिनंच घात केला होता. थोडा गबाळा कारभार असता तर आम्ही वाचलो असतो.

संचालक धावत आले. ते शहाणे गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, लेख राहू दे, पुढच्या लेखात हळूच दुरुस्ती करू, व्याख्यान पुढे ढकलू. अक्कांनी त्यांचं पोट साफ झालं की नाही तेवढं विचारलं आणि त्याच दुपारी मासिकाला कळवून लेख मागे घेतला. व्याख्यान मात्र ठरल्या दिवशी दिलं. भरलेल्या सभागृहात त्यांनी ते सुंदर चित्र दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि अक्का म्हणाल्या की थांबा, हे चित्र खोटं आहे, ते मी कसं तयार केलं ते आता सांगते. मग त्यांनी आपल्या आईचं स्वयंपाकघर, दुधाची पळी आणि एप्रनचे रंग यांच्यासकट सगळं सांगितलं. लोक हसून हसून बेजार झाले. अक्काही हसल्या. त्या खाली उतरल्या तेव्हा मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी कधी नव्हे तो त्यांना वाकून नमस्कार केला.

शनिवारी त्या दुकानात निघाल्या तेव्हा त्यांना एकट्यानं जाऊ द्यावंसं वाटेना, म्हणून मी बरोबर गेलो. अक्का गादीच्या कडेला बसल्या. गिऱ्हाइकाला हिरवी घे म्हणाल्या नाहीत की पिवळी घे म्हणाल्या नाहीत. अण्णांनी कॉफी मागवली आणि विचारलं, काय झालं. अक्कांनी थोडक्यात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "चुकलं अण्णा. सगळं चुकलं. माझंच चुकलं."

अण्णांच्या हातातली साडी तशीच अर्धी घडी होऊन राहिली.

"तू चुकलीस?" ते म्हणाले.

"होय की."

"म्हणजे अंबू, तू चुकू शकतीस?"

अक्कांना वाटलं, भाऊ चिडवतोय. त्या रागानं उठायला लागल्या. अण्णांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "मग सोमवारी जाऊ. त्या तपासणीला."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी अक्कांकडे. अण्णा मान खाली घालून साडीवरची सुरकुती काढत बोलत होते. "अप्पांच्या वेळी आम्ही सगळे मूळव्याध म्हणालो. तू एवढीशी कॉलेजातली पोर, एकटी म्हणालीस की हे ते नव्हे. तुझं खरं निघालं. तेव्हापासून तुझं खोटं निघालेलं बघितलं नाही मी. आणि तूच दर शनिवारी येऊन मला सांगतीस, तुझ्यातपण असेल असेल म्हणून. कशाला जायचं मी? तू बरोबर आहेस एवढं ऐकायला? आता बरं झालं. आता स्वल्प आशा आहे."

अक्का भावासमोर रडल्या नाहीत. माझ्या आईसाठी म्हणून त्यांनी एक साडी उचलली, तिची घडी मोडून डोळ्यांना लावली, आणि मग ती मलाच विकत घ्यावी लागली.

अण्णा जायला तयार झाले खरे, पण त्यांच्या अटी होत्या. दवाखान्यानं दिलेली वेळ राहुकाळात येत होती. कॅन्सरवर आयुष्य घालवलेल्या अक्कांनी निमूटपणे फोन करून ती वेळ बदलून घेतली. दुकानात अण्णांनी सांगून ठेवलं की धर्मावरमला माल बघायला जातोय. आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध पाण्यात कालवून तांब्या तांब्यानं प्यायचं असतं. ते अण्णांनी राजाजीनगरच्या घरी दुपारपासून प्यायला घेतलं आणि साडीचा पोत तपासावा तसा प्रत्येक पेल्यावर अभिप्राय दिला. पहिला पेला खारट, दुसरा त्याहून हलक्या प्रतीचा, तिसऱ्याला लिंबाचा रंग आहे पण तो टिकणार नाही. त्यानंतर अभिप्राय द्यायला त्यांना सवड मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत न्हाणीघराचं दार सतत वाजत होतं, आणि अक्का बाहेर स्टुलावर बसून मोठ्यानं विचारत होत्या, "साफ झालं काय?" आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न योग्य वेळी, योग्य माणसाला विचारला जात होता. आतून उत्तर आलं, सुम्ने बस ग, म्हणजे गप बस.

सोमवारी मीही दवाखान्यात गेलो. पुण्याला परत जायचं ठरलं होतं, तो माझा बंगळूरमधला शेवटचा आठवडा होता. अण्णांना आत नेल्यावर अक्का बाकावर बसल्या. शेजारी बसलेल्या माणसाची त्यांनी चौकशी केली नाही. तो माणूस तर पोटावर हात धरून बसला होता.

तपासणारे डॉक्टर बाहेर आले. ते अक्कांची व्याख्यानं ऐकलेले, त्यामुळे त्यांनी सावरून सुरुवात केली. दोन पॉलिप होते, दोन्ही काढले. एक लहान. दुसरा चांगला मोठा, आणि दिसायला वाईट. रिपोर्ट यायचा आहे, पण मुळापासून निघालाय, मला काळजी वाटत नाही. अजून काही वर्षं तसाच राहिला असता तर मात्र, असं म्हणून ते थांबले. मला वाटलं, आता अक्का प्रश्नांची सरबत्ती करणार. कुठल्या जातीचा, केवढा, कुठे होता, तुकडा कुठे ठेवलाय. हा विषय त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? अक्कांनी एकच विचारलं. "त्याला आता खायला काय देऊ?"

डॉक्टर म्हणाले, इडली चालेल.

आम्ही आत गेलो. अण्णा गुंगीत होते. अक्कांनी त्यांच्या चपला कॉटखालून काढून पिशवीत घातल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि स्टूल ओढून बसल्या. थोड्या वेळानं अण्णांनी डोळे किलकिले केले.

"अंबू," ते म्हणाले, "काय निघालं? तू बरोबर काय?"

एका चित्रातली चूक भर सभेत सांगितल्याशिवाय जिला झोप आली नव्हती, ती बाई भावाच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "नाही अण्णा. परत चुकले."

अण्णा हसले. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणाले, आणि पुन्हा झोपून गेले. मी हळूच दाराबाहेर आलो. वळून बघितलं तर अक्का चपलांची ती पिशवी पोटाशी धरून, तोंडावर पदर दाबून, खांदे गदगदवत हसत होत्या की रडत होत्या, ते मला दारातून कळलं नाही.